चाल आधी की शब्द?

गाणी लिहिणाऱ्याला एक प्रश्न हटकून विचारला जातो : आधी चाल की आधी शब्द? मी दोन्ही तऱ्हांनी लिहितो आणि माझ्या मते हा प्रश्नच फसवा आहे. गाणं जुळतं ते अक्षरांच्या लांबीवर. ती लांबी पेटीवर ठरली की कागदावर, हा नंतरचा तपशील. 'शब्द आधी' म्हणणारे गीतरामायणाकडे बोट दाखवतात. १९५५ च्या १ एप्रिलला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या त्या मालिकेसाठी ग. दि. माडगूळकरांनी ५६ गीतं लिहिली आणि सुधीर फडक्यांनी त्यांना चाली दिल्या, हे खरंच. पण फडक्यांच्या हाती येणारा कागद मोजूनमापून आलेला असे. मात्रांचं वृत्त म्हणजे अर्धी चालच. आठ-आठ मात्रांत चालणारी ओळ केरव्याकडे झुकते, सहा-सहांची दादऱ्याकडे. राग ठरण्याआधीच कवी ठेका सुचवून मोकळा झालेला असतो. अभंगात तर हे उघड्यावर दिसतं. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारांचा, आणि ऱ्हस्व-दीर्घाची मोजदाद नाही. म्हणूनच टाळ-मृदंगावर अक्षर हवं तेवढं ओढता येतं.

आता उलटी बाजू, म्हणजे संगीत नाटकं. 'मानापमान' (१९११) मध्ये चाली गोविंदराव टेंब्यांच्या, 'स्वयंवर' (१९१६) मध्ये भास्करबुवा बखल्यांच्या. शब्द दोन्हींकडे नाटककार खाडिलकरांचे. कितीतरी चाली हिंदुस्थानी बंदिशींवरून घेतलेल्या आणि शब्द त्या साच्यात बसवलेले. आक्षेप इथेच येतो : चालीवर लिहिलं की कविता मरते, ही पदं नुसती वाचून पाहा. आक्षेप अर्धा मान्य. पुष्कळ पदं वाचताना अडखळायला होतं. पण दोष मला क्रमाचा वाटत नाही, भाषेच्या उच्चारांचा वाटतो. बंदिशीतली ब्रज लवचीक. तिथे शब्द ओढावा, दुमडावा, कोणी हरकत घेत नाही. मराठीत 'घर', 'मन', 'ऊन' म्हणताना शेवटचा अ आपण गिळतो. गाताना मात्र तो उच्चारावा लागतो आणि लांब स्वराखाली आला तर शब्द केविलवाणा होतो. त्यामुळे ओळीच्या शेवटी स्वर रेंगाळणार असेल तर मी 'वारा', 'नदी', 'सारे' अशा शब्दांकडे वळतो; जोडाक्षर लांब स्वराखाली येऊ देत नाही, आणि तानेच्या जागेवर आकार राखून ठेवतो. संगीतकाराने चाल दिली की आधी डमी शब्द भरायचे, अर्थ नसला तरी चालेल. कुठे तोंड उघडं हवं आणि कुठे ओठ मिटलेले चालतील, हे त्यांतून कळतं.

मग कवी आणि सुतार यांत फरक काय, असंही विचारतात. (सुतारकाम इतकं सोपं असतं हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे.) मापात बसणारे दहा शब्द कोणीही शोधील. त्या दहांतला प्रसंगाचा शब्द कोणता, हे माप सांगत नाही; वृत्तात लिहिणाऱ्यालाही ते वृत्त सांगत नव्हतं. बंधन दोघांना सारखंच आहे. एकाचं परंपरेने दिलेलं म्हणून ते प्रतिष्ठेचं, दुसऱ्याचं संगीतकाराने दिलेलं म्हणून धंद्याचं, हा भेद मला पटत नाही. 'मानापमान'ची पदं पुस्तक उघडून आज फारसं कोणी वाचत नाही. मैफलीत त्यांची फर्माईश मात्र अजून होते.