आपण पेरलेलं पीक आपणच कापलं, तर चोरी कशी?

मराठवाड्यात सोयाबीन काढणीला आलं की आम्हाला फोन सुरू होतात. गायरान कसणाऱ्या आपल्या माणसानं पेरलं, निंदलं, राखलं. काढणीच्या दिवशी गावातला कुणी जमीनदार ठाण्यात जाऊन चोरीची फिर्याद देतो. घरचे विचारतात, "सातबारा नावावर नाही, मग सुटायचं कसं?"

चोरीच्या खटल्यात फक्त सातबारा बघत नाहीत. जुन्या दंड संहितेचं कलम ३७८ घ्या, नाहीतर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेचं ३०३. दोन्हीकडे अप्रामाणिक हेतू सिद्ध व्हावा लागतो. वस्तू आपलीच आहे असं सद्भावनेनं मानून दुसऱ्याच्या ताब्यातून घेतली तर ती चोरी नाही, असं उदाहरण १८६० पासून कायद्यातच छापलेलं आहे. चंडीकुमार दास कर्मकार यांच्या खटल्यात वाद तळ्यातल्या मासळीचा होता. तिथंही सर्वोच्च न्यायालयानं हक्काचा प्रामाणिक दावा हा बचाव मान्य केला. दावा दिखाऊ मात्र चालत नाही. दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम हातात पडल्यावर "मला आपलंच वाटलं" म्हणणंही कठीण.

आपल्या माणसाला आपलंच का वाटतं? दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांपासून ही जमीन मागितली जाते आहे. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा आहे. बाप कसत होता, पोरगा कसतो. ही समजूत काल रात्री सुचलेली नव्हे.

पण कोर्टाला समजूत दिसत नाही, कागद दिसतो. अतिक्रमणाच्या दंडाची पावती लोक लाजून लपवतात. आम्ही म्हणतो, तीच आधी काढा. जमीन सरकारची असेल, पण ती कसतो कोण हे सरकारनंच त्या पावतीवर लिहून दिलंय. गाव नमुना १-ई मधली नोंद, बियाण्याचं बिल, मळणीयंत्राचा हिशेब, सगळं जपा. दिवसाढवळ्या, शेजाऱ्यांदेखत काढणी करा. रात्री लपून कापलेलं पीक स्वतःचं असलं तरी संशयाचं ठरतं.

आमच्या ओळखीच्या एका तरुणाला गावच्या बैठकीत सांगितलं गेलं, "चूक झाली असं लिहून दे, मिटवून टाकू." त्यानं सही केली नाही, बरं केलं. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, पण गावकीपुढं दिलेला माफीनामा पुरावा म्हणून येऊ शकतो. आपल्यातलेही काही जण मध्यस्थी करून असल्या सह्या घेतात. त्यांच्याशी आमचं भांडण आहे आणि राहील.

शिवाय हक्काच्या जमिनीवरचं दलिताचं पीक उचलून नेणं, त्याच्यावर खोटी फौजदारी लावणं, हे अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१) खाली गुन्हे आहेत. चोरीची फिर्याद आली की आपली फिर्याद त्याच दिवशी द्या. ठाणं घेत नसेल तर पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोस्टाची पावतीही दंडाच्या पावतीशेजारी ठेवा.