नॉर्मल म्हणजे नक्की किती?

१७ मिलिमीटर हा आकडा माझ्या डोक्यात पक्का बसलेला होता. हृदय आकुंचन पावताना उजवीकडच्या ट्रायकस्पिड झडपेचं कडं हृदयाच्या टोकाकडे किती सरकतं, ते इकोवर मोजतात. मोठ्या माणसात ते १७ मिलिमीटरपेक्षा कमी सरकलं, की उजव्या कप्प्याचा स्नायू कमजोर असल्याची शंका घ्यायची.

लहान मुलांची इको शिकायला आले आणि एका नवजात बाळाचा आकडा आला ९. बाळ पूर्ण दिवसांचं, गुटगुटीत, दूध पिऊन गाढ झोपलेलं. शिकवणाऱ्या मॅडमनी आकडा पाहिला, 'नॉर्मल' म्हणाल्या आणि पुढच्या बाळाकडे वळल्या. मी मात्र तिथेच अडकले.

उत्तर वाचनात सापडलं. ऑस्ट्रियातल्या ग्राझमधल्या डॉक्टरांनी ६४० निरोगी मुलांमध्ये हेच अंतर मोजून २००९ मध्ये प्रसिद्ध केलं. नवजात बाळात सरासरी सुमारे ९ मिलिमीटर, अठराव्या वर्षी जवळजवळ २५. हृदय वाढतं तसा त्याचा पल्लाही वाढतो. म्हणून मुलांमध्ये नुसत्या आकड्यावर थांबत नाहीत, झेड स्कोअर काढतात: त्याच वयाच्या किंवा अंगलटीच्या निरोगी मुलांच्या सरासरीपासून हे मूल किती दूर आहे? उणे दोन ते अधिक दोनच्या आत असेल तर ठीक. त्यासाठी आधी उंची आणि वजन. समजा ११० सेंटिमीटर, १८ किलो, म्हणजे शरीराचं पृष्ठफळ ०.७४ चौरस मीटर. प्रोब हातात घेण्याआधी वजनकाटा का, ते तेव्हा कळलं.

मोजणंही सोपं नाही. चार वर्षांचा एक मुलगा आईला चिकटून डाव्या कुशीवर झोपला होता, समोर मोबाईलवर कार्टून. जेल कोमट करून लावलं तरी त्याने ओठ काढले. रडू फुटलं की ठोके वाढतात आणि मापंही बदलतात, म्हणून आम्ही थांबलो. तो रमल्यावर प्रोब किंचित कलता केला, कारण मोजायची रेषा स्नायूच्या हालचालीला समांतर हवी. ती तिरकी पडली तर अंतर आणि टिश्यू डॉप्लरवर दिसणारा स्नायूच्या हालचालीचा वेग, दोन्ही चुकतात.

स्ट्रेन, म्हणजे स्नायूचं आखडणं, मोजायची पद्धत वेगळी. स्नायूच्या चित्रात मोझॅक फरशीसारखे बारीक ठिपके असतात. प्रत्येक भागाची नक्षी निराळी, म्हणून संगणक ती ओळखून ठोकाभर तिचा माग काढतो आणि स्नायू मूळ लांबीच्या किती टक्के आखडला ते सांगतो. निरोगी मुलांत डाव्या कप्प्याचा आकडा सरासरी उणे २० टक्क्यांच्या आसपास. उणे एवढ्यासाठी, की लांबी घटते.

रक्ताच्या कॅन्सरसाठी डॉक्सोरुबिसिन हे हृदयाला बाधू शकणारं औषध घेणाऱ्या मुलांसाठी हा आकडा फार मोलाचा आहे. हृदयाची एकूण पंपिंग ठीक दिसत असतानाच स्ट्रेन घसरू शकतो. म्हणून औषधाआधीची इको हवी, आणि पुढची शक्यतो त्याच मशीनवर, त्याच सॉफ्टवेअरने. अशा वेळी त्या मुलाचा आधीचा आकडा हाच त्याचा खरा नॉर्मल.

आजारी मुलाचं निदान ज्या तक्त्यावर बेततं, तो कुठल्या तरी निरोगी मुलांनी काही मिनिटं शांत पडून राहून घडवलेला असतो. त्या मुलांचे उपकार मोठे आहेत. आता कुणी आकडा सांगितला, की मी आधी विचारते: वय किती, उंची-वजन किती, आणि मूल शांत होतं ना?