अडकित्त्याची जागा

इंदूरहून पुण्यास जाणे झाले की आमची पावले बाजीराव रस्त्यावरील राजा केळकर संग्रहालयाकडे वळतातच. ‘अज्ञातवासी’ या नावाने काव्यरचना करणाऱ्या कै. दिनकर केळकरांनी बालपणीच गेलेल्या आपल्या राजाच्या स्मरणार्थ हा संसार मांडला आणि पुढे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. दिवे, दौती, करंडे, अडकित्ते. बहुतेक वस्तू तुमच्याआमच्या घरातल्याच!

यंदा बरोबर कन्या होती. अडकित्त्यांच्या कपाटापुढे ती थबकली. “बाबा, असा आपल्याकडेही होता ना?” होता. माळा रिकामा करताना आम्हीच तो मोडीत घातला होता, किलोच्या भावाने. आम्ही पुढच्या दालनाकडे वळलो.

घरी परतताच तिने उरलेसुरले गोळा केले : किसणी, झारा, सोऱ्या, सांडशी. खिडकीशी पांढरे धोतर अंथरले (आमचेच, न विचारता) आणि तिरप्या उन्हात मोबाईलवर एकेकाची छायाचित्रे टिपली. संगणकावर पार्श्वभूमी पुसली, आकृत्या आरशातल्याप्रमाणे उलटवून जोडल्या. किसणीच्या भोकांचा पिसारा झाला, सांडशीची मान झाली. असल्या यांत्रिक करामतींविषयी आमचे मत फारसे बरे नव्हते. परंतु तो मोर पाहताना चष्मा दोनदा पुसावा लागला.

चोचीची जागा मात्र तिने कोरी ठेवली होती. तेथे तिला तो अडकित्ता हवा होता. आठवणीतून रेखाटून द्या, म्हणाली. आम्ही पेन्सिल घेऊन बसलो. त्याची मूठ पोपटाची होती की माशाची, तेच आम्हास आठवेना.