वळीव, अवकाळी आणि डोक्यावरचे छप्पर

मे महिन्यात दुपार कलल्यावर आभाळ अचानक भरून येते, धुळीचे लोट उठतात, विजा कडाडतात आणि तासाभरात पाऊस पडूनही जातो. आपल्या गावी त्या पावसाला काय म्हणतात? माझ्या लहानपणी मराठवाड्यात त्याला 'वळीव' म्हणत. आजच्या वृत्तपत्रांत तोच पाऊस 'अवकाळी' होतो आणि हवामान खात्याच्या भाषेत 'मान्सूनपूर्व'.

भाषेच्या अभ्यासकाला ही तीन नावे निव्वळ पर्यायी शब्द वाटत नाहीत. 'मान्सूनपूर्व' हा शब्द पुढच्या ऋतूच्या आधाराने पावसाची ओळख करून देतो. 'अवकाळी' या शब्दात तक्रार आहे. 'वळीव' हे मात्र त्या पावसाचे स्वतःचे नाव आहे. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, समुद्रावरून आलेले बाष्प तिच्याबरोबर उंच जाते, ढगांचे मनोरे उभे राहतात आणि सायंकाळी कोसळतात. हा उन्हाळ्याचा स्वभावच आहे. तो काळाबाहेरचा कसा म्हणावा? फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये गारपिटीने हातातोंडाशी आलेली रब्बी पिके झोडपली, तेव्हा तिला अवकाळी म्हणणे रास्तच होते. पंचनामे आणि नुकसानभरपाईच्या कागदांबरोबर तो शब्द घरोघर पोचला असावा आणि मग मे महिन्यातल्या वळवालाही चिकटला असावा, असे मला वाटते.

अर्थात, या विस्तीर्ण देशात एकाच आठवड्याला एक नाव पुरत नाही. २५ मे २०२४ रोजी राजस्थानात फलोदी येथे पारा ५० अंशांवर गेला आणि दुसऱ्याच रात्री 'रेमल' चक्रीवादळ बंगालच्या किनाऱ्यावर आदळले. पुढच्या वर्षी मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला. मुंबईतील त्याची नेहमीची तारीख ११ जून! वळीव कोठे संपला आणि पावसाळा कोठे सुरू झाला, हे सांगणे त्या वर्षी कठीण झाले.

हे शब्द छपराखाली राहून ऐकावे लागतात. लातूर जिल्ह्यातील किल्लारीचे उदाहरण घ्या. येथील जुनी घरे माळवदाची होती. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर एक-दोन फूट मातीचा थर. वैशाखातही आत गारवा असे. वळवाच्या पहिल्या सरीने छप्पर कोठे गळते ते कळे. मृगाच्या आत वर नवी माती पसरून ती चोपली जाई. वर्षानुवर्षे थरावर थर चढत गेले आणि छपराचे ओझे वाढत गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, आदल्या दिवशी गणेशविसर्जन करून झोपलेल्या माणसांवर तेच ओझे कोसळले. सुमारे दहा हजार माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. पुष्कळांनी घराला जोडून पत्र्याची खोली उभारली आणि झोपायला तीच पसंत केली.

संपर्कसत्रासाठी आलेल्या किल्लारीच्या एका विद्यार्थिनीला मी उन्हाळ्याबद्दल विचारले होते. भूकंपाच्या वेळी त्या शाळकरी वयाच्या होत्या. म्हणाल्या, "सर, पत्रा उन्हात तापतोय, वळवाच्या वाऱ्यात उडतोय, पन वर माती नाही म्हणून झोप लागती."

त्यांनी 'अवकाळी' म्हटले नाही, याची नोंद मी वहीत केली. मग सहज विचारले, की वादळात पत्रे उडू नयेत म्हणून आपल्याकडे त्यांवर दगड ठेवतात, तसे आपणही ठेवता का? मान हलवून त्या म्हणाल्या, "तार बांधलीय. दगूड नाही ठेवत."