म्हातारा डोंगा आणि नवे पाणी

शेतकऱ्याच्या घरी बैलगाडीचा जो मान, तोच आम्हा ढिवरांच्या घरी डोंग्याचा. गाडीचे चाक कुरकुरले की आपण आधी वंगण घालतो, मग धाव ढिली झाली का ते पाहतो, आणि सुताराला हाक मारतो ती सगळ्यात शेवटी. डोंग्याचेही तसेच आहे. आमच्या भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. मालगुजारीच्या काळातले तलाव, लहानमोठ्या बोड्या आणि मधून वाहणारी वैनगंगा. असे पाणी ज्या गावाला आहे तिथे एखादा जुना डोंगा काठावर पालथा पडलेला दिसतोच. तो पुन्हा पाण्यात घालावा की चुलीत, हे ठरवताना घरोघरी वाद होतात. आमच्या घरीही झाला. तो कसा मिटला आणि त्यातून काय शिकायला मिळाले, ते आज सांगतो.

आमचा डोंगा वडिलांनी सागाच्या फळ्यांचा बांधून घेतला, तो पवनी तालुक्यातल्या जुन्या वैनगंगेसाठी. तेव्हा उन्हाळ्यात नदीला कुठे गुडघाभर, कुठे कमरेइतके पाणी असे, आणि मधे वाळूच वाळू. अशा नदीला तळ सपाट आणि काठ बुटके असलेला डोंगाच बरा. पुढे गोसीखुर्दच्या धरणाची 22 एप्रिल 1988 रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते पायाभरणी झाली. 2009 साली तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. पाणी अडू लागले तशी नदी पसरली आणि तिचा जलाशय झाला. उघड्या पाण्यावर वारा सुटला की लाटा उठतात, बुटक्या काठावरून आत येतात. पाण्याखाली गेलेल्या झाडांची खुंटे तळाला लागतात. म्हणजे आमचा डोंगा नुसता म्हातारा झाला नव्हता. ज्या नदीसाठी तो बांधला होता ती नदीच उरली नव्हती.

मुलगा म्हणाला, "बाबा, हा मोडा आन् फायबरची घ्या." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना नाव आणि जाळे घेण्यासाठी मदतीची तरतूद झाली. सर्वसाधारण गटाला खर्चाच्या 40 टक्के, आणि स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के. अशी योजना चालू असेल तेव्हा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन जरूर चौकशी करावी. पण कागद पुढे सरकेपर्यंत पोट थांबत नाही, आणि आपला वाटा तर आपल्यालाच भरावा लागतो.

माझ्या घरधनिणीचे बोलणे मात्र वेगळेच होते. आमच्या डोंग्यात सकाळी जाळे असते, पण रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत त्यातूनच बाया पलीकडे मजुरीला जातात. 2024 च्या जानेवारीत, गडचिरोली जिल्ह्यात गणपूरजवळ, याच वैनगंगेत मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव उलटली आणि त्यात बायांचे जीव गेले. ती बातमी आमच्या गावात किती दिवस बोलली जात होती! घरधनीण म्हणाली, "दुरुस्त कराचा असंन त पुरा करा, नाही त फोडून टाका. अर्धामुर्धा डोंगा पान्यात नोको." शेवटी त्याच बोलण्यावर आम्ही बापलेक कामाला लागलो.

डोंग्याचे काम वैशाखात काढावे. पाणी खाली गेलेले असते आणि हाताला थोडी सवड असते. काठावर आणला की लगेच पालथा घालू नका. आधी दगडांवर टेकवा आणि आत हातभर पाणी ओता. मग बाहेरून फिरून पाहा. जिथे थेंब धरेल तिथे गेरूची खूण करा. बाहेरून आत येणारे पाणी शोधता सापडत नाही. आतून बाहेर जाणारे पाणी स्वतःच आपली जागा दाखवते. त्यानंतर पाणी काढून, शेवाळ आणि जुने डांबर खरवडून, डोंगा झाडाखाली सावलीत आठ-दहा दिवस सुकू द्यावा. भर उन्हात ठेवला तर फळ्या तडकतात, आणि थेट मातीवर ठेवला तर वाळवी लागते.

सुकल्यावर दाभण घ्यावे आणि फळी न् फळी, आडवे वासे, दोन्ही टोके टोचून पाहावीत. चांगल्या लाकडात दाभण अडते. कुजलेल्यात लोण्यात शिरावे तसे शिरते. हातोडीने ठोकले तर चांगले लाकूड खणखणीत बोलते, कुजलेले बद्द वाजते. लाकूड नेमके कुठे कुजते हेही समजून घ्या. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला पाणी लागते तशी हवाही लागते. म्हणून सदा पाण्याखाली असलेली बाजू फार दिवस टिकते, आणि पावसाचे पाणी साचून राहते ती आतली बाजू, वाशांच्या खालची फट, टोकांचे कोपरे आधी जातात. खिळ्यांभोवती काळा डाग दिसला तर तिथेही दाभण लावा. लोखंड गंजले की फुगते, लाकूड फोडते आणि स्वतः ढिले होते.

कुजलेला भाग काढताना लोभ धरू नये. चांगले लाकूड लागेपर्यंत कापावे. ठिगळाची फळी त्याच जातीच्या, पुरत्या वाळलेल्या लाकडाची घ्यावी. सांधा सरळ कापू नये, तिरका घ्यावा. फळीच्या जाडीच्या निदान आठपट लांब. इंचभर जाड फळी असेल तर आठ इंचांचा उतार. असा सांधा वाशावर येईल असे पाहावे, नाहीतर आतून लाकडाचा जाड तुकडा पाठीशी द्यावा.

भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले गाव, त्यामुळे तांब्याचे खिळे मारावेत असे मुलाच्या मनात होते. तांबे गंजत नाही हे खरे. पण ओल्या लाकडात तांबे आणि लोखंड जवळ आले की तांबे टिकते आणि शेजारचे लोखंड झपाट्याने झिजते. जुन्या डोंग्यात सगळे खिळे लोखंडाचे. म्हणून आम्ही जस्ताचा मुलामा दिलेले खिळेच घेतले, आधी बारीक भोक पाडून मारले आणि आतून टोक वळवून बसवले.

सांधे भरायला कापसाची सैल वात वळावी, ती जवसाच्या तेलात भिजवून बोथट छिन्नीने फटीत बसवावी. फार ठासू नये. पाण्यात लाकूड फुगते आणि जास्त ठासलेली वात फळ्यांनाच दूर ढकलते. वरून राळ आणि तेल वितळवून ओतावे. खिळ्याच्या टोकावर एक थेंब घेऊन गार करावा. काचेसारखा तडकला तर तेल कमी, बोटाला चिकटला तर राळ कमी. हे काम घरापासून आणि तणसाच्या ढिगापासून दूर करावे, जवळ वाळूची टोपली ठेवावी आणि पेटलेल्या राळेवर पाणी ओतू नये.

आपल्याकडे धानाच्या बांधीत उतेऱ्याला जवस पेरणारी घरे अजून आहेत. हे तेल हवा पिऊन वाळते आणि लाकडावर कातडीसारखे बसते. डोंग्याच्या आतल्या बाजूला त्याचे पातळ दोन हात द्यावेत, एक वाळल्यावर दुसरा. बाहेरून डांबर, तेही पातळ. आतून-बाहेरून दोन्हीकडे डांबर थापले तर लाकडातली ओल कोंडून राहते. एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. तेल वाळताना उष्णता निघते आणि असा बोळा काडी न लावताही पेटू शकतो. चिंध्या पसरून बाहेर वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

हे झाले जुने ते सांधणे. नव्या पाण्यासाठी आम्ही तीन गोष्टी वाढवल्या. पहिली, दोन्ही काठांवर सहा इंचांची एकेक फळी, म्हणजे लाट सहज आत येणार नाही. दुसरी, दोन्ही टोकांना आडव्या फळीखाली झाकण घट्ट बसवलेले रिकामे कॅन दोरीने पक्के बांधले. लिटरभर कोंडलेली हवा पाण्याखाली गेली की जवळजवळ किलोभर भार उचलते. वीस लिटरचे चार कॅन म्हणजे सत्तर-ऐंशी किलोचा आधार. डोंग्यात पाणी भरलेच, तरी धरायला काहीतरी तरंगत राहते. तिसरी गोष्ट पांढऱ्या रंगाची रेघ. जुन्या काठापासून एक वीत खाली ती बाहेरून मारली. पाणी रेघेला लागले की आणखी माणूस घ्यायचा नाही.

ही रेघ मारायला सगळ्यांत कमी खर्च आला आणि पाळायला ती सगळ्यांत जड गेली. काठ उंच झालेला पाहून सगळ्यांना वाटले, आता दोन माणसे जास्त मावतील. मावतील खरी, पण काठ उंच केला तो लाटेसाठी, माणसांसाठी नाही. रोवणीच्या दिवसांत एका सकाळी पाच बाया बसल्या आणि पाणी रेघेला टेकले. सहावी काठावर उभी. "एका मानसानं का होते, भाऊ? उशीर झाला त मजुरी कटंल," ती म्हणाली. तिचेही खोटे नव्हते. मी काही बोलायच्या आत आत बसलेली माझी घरधनीण उठली, खाली उतरली आणि तिला म्हणाली, "तू बस. मी मागल्या खेपेले येतो." त्या दिवशी बांधीच्या मालकाने तिला उशिराबद्दल चार शब्द ऐकवले. तिने ते मुकाट ऐकून घेतले, पण रेघ पुसू दिली नाही.

दुरुस्त झालेला डोंगा लगेच वापरू नका. उथळ पाण्यात दोन-तीन दिवस बुडवून ठेवा, फळ्या फुगून सांधे मिटतात. मग एकट्याने काठाकाठाने फिरवून पाहा. आणि सलग तीन-चार वासे कुजलेले निघाले, किंवा मधला तळ दाभणाला कुठेच अडत नसेल, तर वडिलांची आठवण म्हणून त्याला पाण्यात घालू नका. गोठ्यात म्हशीची गव्हाण म्हणून तो आणखी दहा वर्षे घराच्या कामी येईल.

शेवटी एक विनंती, आणि ती डोंगेवाल्यांना नाही, शेतकरी बंधु-भगिनींना आहे. तुमच्या बांधीत रोवणीला, कापणीला येणाऱ्या बाया पाणी ओलांडून येत असतील, तर नाव कशी आहे आणि एका खेपेत किती जणी बसतात, हे एकदा स्वतः काठावर जाऊन पाहा. आणि दुसऱ्या खेपेने येणारीची अर्ध्या तासाची मजुरी कापू नका. ती कापली जाणार नाही हे कळले, की पहिल्या खेपेत कोणी जास्तीची बसणार नाही.