व्हॅलेन्सियाचा थंडगार भात

स्पेन म्हटलं की भगिनींनो, आपल्याला बैलांच्या झुंजी आठवतात. भातखाचरं काही डोळ्यांपुढे येत नाहीत! पण व्हॅलेन्सिया शहराच्या दक्षिणेला जेमतेम १० किलोमीटरवर आल्बुफेरा नावाचं सरोवर आहे आणि त्याच्या भोवती हिरवीगार भातशेती. थेट कोकणात आल्यासारखं वाटतं. फक्त पाऊस नाही, पाणी पाटाचं. मे महिन्यात पेरणी, सप्टेंबरात कापणी. तांदूळ इथं रुजवला तो अरबांनी. स्पॅनिशमधला ‘अर्रोस’ म्हणजे तांदूळ, हा शब्दही मूळचा अरबीच. एल पाल्मार गावापर्यंत शहरातून बस जाते. तिथे नावेतून सरोवरात फिरवून आणतात. संध्याकाळची वेळ साधा, बरं का.

पाएया हा इथला प्रसिद्ध भात, पण तो गरम. जुलै-ऑगस्टच्या उन्हाळ्यात घराघरांत होते ती ‘एन्सालादा दे अर्रोस’. भाताची कोशिंबीरच म्हणा ना! समुद्रकाठी जाताना बायका डबे भरभरून नेतात. आपल्या दहीभातासारखाच हा प्रवासाचा सोबती. शिवाय सगळं आधी करून ठेवता येतं, त्यामुळे पाहुणे आल्यावर गृहिणीला ओट्याशी अडकून पडावं लागत नाही.

पाएयाचा आखूड, गोल तांदूळ याला नको. स्पेनमध्येही कोशिंबिरीला लांब दाण्याचाच घेतात. आपल्याकडे बासमती चालेल, आंबेमोहोर नको, गोळा होईल. बरोबर इतर पदार्थ असतील तर २५ माणसांना १ किलो पुरे. भरपूर खारट पाण्यात मोकळा शिजवून निथळायचा. त्यात टोमॅटो, भाजून सोललेली लाल ढोबळी मिरची, ऑलिव्ह, मक्याचे दाणे, १२ उकडलेली अंडी. तिकडे डब्यातला ट्यूना मासा घालतात. शाकाहारी मंडळींसाठी उकडलेले छोले घाला. वर ३ भाग ऑलिव्ह तेल, १ भाग व्हिनेगर, मीठ.

आता जरा कान देऊन ऐका. शिजलेला भात उबेत तासन् तास राहिला तर त्यात जे जंतू वाढतात, त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. घरचं कार्य आणि माणसं उलट्यांनी बेजार, हे नको ना? म्हणून भात पातेल्यात निवत ठेवायचा नाही. पिण्याच्या गार पाण्याने धुऊन, परातींत पातळ पसरून, तासाभरात फ्रिजमध्ये. लहान लहान डब्यांत ठेवला तर लवकर गार होतो. बाहेर काढायचा तो पानं घेताना, तोही थोडा थोडा. उरलेला पाहुण्यांना बांधून देण्याचा मोह टाळा.

काहीजणी वर मेयोनेज घालतात. कच्च्या अंड्याचं असेल तर मी तरी घालणार नाही. १९९१ साली खुद्द स्पेनच्या सरकारने खानावळींना ते पाश्चराइज केलेल्या अंड्याचंच करण्याचा नियम घालून दिला. त्यापेक्षा तेल-व्हिनेगरच बरं. चवही मोकळी लागते. आणि हो, ऑलिव्हच्या बिया आधीच काढून ठेवा. पंगतीत लहान मुलं असतातच.