तीन पंचांगे

ज्या माणसाने आयुष्यातला पहिला मोठा ठेका घेताना करारनाम्यातील मजकूर न वाचता केवळ रकमेचा आकडा वाचला, त्याने उतारवयात लोकांचे करार तपासून द्यावेत आणि मालक-ठेकेदारांच्या तंट्यांत लवाद म्हणून बसावे, यातला विनोद माझ्या घरच्या मंडळींनी मला पुष्कळदा दाखवून दिला आहे. तो मला मान्यही आहे. मात्र त्या दोन अवस्थांच्या मध्ये तलमडुगुचा एक पावसाळा आहे, आणि तो सांगितल्यावाचून विनोद पुरा होत नाही.

साल 1986. पांढरकवड्याहून पाटणबोरीमार्गे पैनगंगेचा पूल ओलांडून आदिलाबाद, आणि तिथून आत तलमडुगु, असा माझा फेरा त्या वर्षी किती वेळा झाला याची गणती नाही. आंध्रात मंडल पद्धती आदल्याच वर्षी सुरू झाली होती, आणि जुन्या वळणाची माणसे नव्या मंडल कचेरीलाही तहसीलच म्हणत. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात आले व उरलेला आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला, तेव्हा नकाशावर एक रेघ ओढली गेली खरी. परंतु सोयरिकी, बैलबाजार आणि कापसाच्या गाड्या यांना ती रेघ कधी नीटशी दिसली नाही. मी ज्यांच्यासाठी कापसाचे गोदाम बांधणार होतो ते जिनिंगमालक तेलुगूभाषक, त्यांचे मुनीमजी निजामी अमदानीत उर्दू शिकलेले आणि मराठी बोलणारे, माझे मजूर बहुतेक गोंड, थोडे कोलाम. आणि या सर्वांना बांधून टाकणारा करारनामा मात्र इंग्रजीत, म्हणजे आमच्यापैकी कोणाच्याच घरात न बोलल्या जाणाऱ्या भाषेत.

गोदाम शंभर फूट लांब, चाळीस फूट रुंद. ठेका एकरकमी, 1 लाख 85 हजारांचा. सिमेंट मालकाचे, बाकी सारे माझे. ज्याने काळ्या कापसाच्या जमिनीत कधी पाया घातला आहे त्याला पुढची गोष्ट सांगण्याची गरज नाही. ही माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यावर भिंत उभी केली तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी भिंतीलाही तशाच भेगा पडतात, म्हणून खाली मुरूम लागेपर्यंत खोदत जावे लागते. मी पाच फुटांवर मुरूम धरला होता. तो लागला साडेआठ फुटांवर. जादा खोदाई आणि तेवढेच जादा डबराचे बांधकाम मिळून प्रत्येकी सुमारे तीस ब्रास काम वाढले, आणि त्याचे 24 हजारांचे बिल मी मोठ्या आत्मविश्वासाने मालकाच्या पेढीवर नेऊन ठेवले.

ते परत आले. सोबत करारातील एक वाक्य तांबड्या शाईने अधोरेखित करून आले होते: पायाची खोली पाच फूट धरली आहे, तथापि कठीण थर लागेपर्यंतची खोदाई ठेकेदाराने करावी. हे वाक्य माझ्या सहीच्या वर चार महिने शांतपणे बसले होते.

मग मी ते सर्व केले जे सत्तावीस वर्षांचा, अपमानित आणि कर्जबाजारी ठेकेदार करतो. आवाज चढवला. कडक भाषेत पत्र लिहिले. पोळ्याच्या सुमारास जोत्यापर्यंत आलेले काम बंद पाडले, आणि आदिलाबादला एका वयस्क वकिलांकडे गेलो. त्यांनी कागद वाचला (बहुधा तो वाचणारे ते पहिलेच गृहस्थ असावेत) आणि म्हणाले, "1872 च्या करार कायद्याचे कलम 70 तुमच्यासारख्यांसाठीच आहे, दुसऱ्याने फुकट न केलेल्या कामाचा लाभ ज्याने घेतला, त्याने मोबदला द्यावा. पण तुमच्या करारातच हे वाक्य आहे, ते आड येईल. दावा लावा, निकाल लागेल तेव्हा तुमचा मुलगा ठेकेदारी करीत असेल." माझे तेव्हा लग्नही झाले नव्हते.

अशा स्थितीत मुनीमजींनी मला एका संध्याकाळी पेढीच्या मागल्या ओसरीवर बोलावून घेतले. मालकाचा मुनीम शत्रुपक्षाचाच, अशी माझी समजूत. म्हणून मी सावधपणे बसलो. त्यांनी पायाचे नावही काढले नाही. त्यांनी आपल्या तरुणपणच्या कापूसबाजाराची हकीकत सांगायला घेतली. दलाल हातावर रुमाल टाकून त्याखाली खरेदीदाराची बोटे दाबीत, प्रत्येक बोटाचा एक भाव. आणि कास्तकार, ज्याच्या गाडीतला कापूस, तो त्या रुमालाकडे बघत उभा. आमच्या वऱ्हाडात कारंज्याचा बाजार 1886 साली नियमात आला, 1897 साली वऱ्हाडापुरता कायदा झाला. हैदराबाद संस्थानाचा बाजार कायदा 1930 चा, तोही सगळीकडे पोहोचेपर्यंत काळ गेला. उघड्या बोलीचा लिलाव ही आज साधी गोष्ट वाटते, परंतु तो रुमाल उचलायलाच दोन पिढ्या लागल्या.

"तुमचा आणि शेटजींचा सौदा अजून रुमालाखालीच चाललाय, ठेकेदारसाहेब," मुनीमजी म्हणाले. "तुम्ही चोवीस बोलता, ते शून्य बोलतात. दोघांनाही पाहिजे ते काही वेगळंच. तुम्हाला पैसे कधी पाहिजेत, ते सांगा. किती, ते राहू द्या."

कधी! हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. खरे पाहता माझी कोंडी 24 हजारांची नव्हतीच. दर बाजाराच्या दिवशी मजुरांच्या हातावर रोकड ठेवावी लागे, आणि करारातले हप्ते जोते, भिंत व छप्पर या तीन टप्प्यांवर होते. मधले आठवडे मी उसनवारीवर काढीत होतो. माझे पंचांग आठवड्याचे होते. मालकाचे पंचांग काय, हे मुनीमजींनी सांगितले नाही. ते त्यांच्या इमानात बसले नसते. त्यांनी एवढेच सुचविले की गेल्या पंधरवड्यात शेटजींनी दसरा किती दिवसांवर आहे हे तीनदा विचारले. पुढे मला कळले की एका दूरच्या सूतगिरणीकडून त्यांनी गाठींचा बयाणा घेतला होता, आणि दसऱ्यानंतर येणारा पहिला कापूस उघड्यावर भिजला तर तो बयाणा अंगलट येणार होता. जो माणूस माझ्यापुढे पायाच्या खोलीवर हटून बसला होता, त्याची झोप छपराने उडविली होती.

तिसरे पंचांग मला माझ्याच मजुरांनी शिकविले, आणि तेही मी जवळजवळ चुकवलेच होते. काम बंद असतानाच मुकादम येऊन म्हणाला, दिवाळीआधी बारा दिवस आम्ही नाही, दंडारी आहे. मी उद्धटपणे म्हणालो, मग मागची बाकीही नाही. दुसऱ्या दिवशी राहुट्या रिकाम्या झाल्या. गोंडांची दंडारी म्हणजे काय हे मला तेव्हा ठाऊक नव्हते: मोरपिसांचे मुकुट घातलेले गुसाडी, एका गावाचा ताफा दुसऱ्या गावी पाहुणा म्हणून जाणार, तिथे नाचणार, जेवणार, दोन गावांचे नाते त्या भेटीवर टिकते. त्या नात्यापुढे माझ्या विटांची किंमत ती काय?

मी गुड्यावर गेलो तेव्हा गावचा पटेल आंब्याखाली बसला होता. त्याने आधी मुकादमाला बोलू दिले, मग बायामाणसांना, मग दोन पोरांना, आणि उन्हे माथ्यावर आल्यावर मला. मध्ये कोणाला तोडले नाही. मी दरावर बोलू लागताच त्याने मुकादमामार्फत एकच विचारले: माझ्या माणसांचे हात कोणत्या कामाला लागतात आणि कोणत्या कामाला लागत नाहीत? मी मोजू लागलो. भिंती, कैच्या उचलणे, याला हात लागत. पत्रे ठोकायला आदिलाबादचे फिटर चालत. म्हणजे जड काम आधी आणि पत्रे दंडारीच्या दिवसांत, इतकाच प्रश्न होता. परतताना मला राहून राहून केस्लापूरच्या नागोबा जत्रेतला दरबार आठवत होता, जिथे दर वर्षी अधिकारी येऊन आदिवासींच्या तक्रारी ऐकतात. 1940 साली जोडेघाटला कोमराम भीम गोळीला बळी पडले, त्यानंतर मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना निजाम सरकारने इथे पाठविले आणि पुढे तो दरबार सुरू झाला. आधी गोळी आणि मग ऐकणे, हा सरकारचा क्रम. माझाही काही निराळा नव्हता.

शेवटची बैठक पेढीवर झाली. मी ठरवून गेलो होतो की पायाचा शब्द आपण काढायचा नाही. मी विचारले, "शेटजी, दसऱ्याला अर्ध्या गोदामावर छप्पर चढले तर तुमचे काम भागेल काय?" ते काही वेळ बोलले नाहीत. पंखा फिरत होता, मुनीमजी बोरू कानावरून काढून पुन्हा कानावर ठेवीत होते, आणि माझ्या जिभेवर दहा वाक्ये येऊन परत जात होती. ती गप्प बसण्याची पाच मिनिटे मला त्या सबंध बांधकामात सर्वांत अवघड गेली. मग त्यांनी विचारले, "कोणता अर्धा?" रस्त्याकडचा, मी म्हणालो, जिथे गाडी लागते. यानंतर सगळे भराभर झाले. मधल्या तात्पुरत्या भिंतीचा खर्च त्यांचा. हप्त्यांऐवजी आठवड्याला उचल. आणि जादा पायाचे दोघांनी मिळून माप घ्यावे व नफा वगळून मूळ खर्च द्यावा. तो 17 हजार निघाला. पुरवणी करार मुनीमजींनी स्टॅम्प कागदावर मराठीत लिहिला, शेटजींना तेलुगूत वाचून दाखविला, आणि खाली सवयीने फसली सन घातला. तो खोडून इसवी सन घालावा लागला.

पुढे मी या विद्येची पुस्तके वाचली. हार्वर्डच्या फिशर आणि युरी यांचे 1981 सालचे प्रसिद्ध पुस्तक सांगते की माणसाच्या मागणीमागे त्याची गरज शोधावी. मुनीमजींनी ते वाचले असण्याचा संभव नव्हता. 1996 चा लवाद आणि सलोखा कायदा आला. 2006 च्या कायद्याने लहान उद्योगांची थकबाकी देण्याला 45 दिवसांची कमाल मुदत घातली, तो माझ्या तरुणपणी असता तर माझी उसनवारी बरीच वाचली असती. आणि ज्या गोदावरीच्या खोऱ्यात मी ही गवंडीकामाची वाटाघाट शिकलो, त्याच खोऱ्याच्या पाण्यासाठी राज्यांनी 1969 ते 1980 लवाद चालविला, आणि बचावत लवादाच्या निवाड्यात मोठा भाग राज्यांनी आपापसांत केलेल्या करारांचाच होता. ऑगस्ट 2016 मध्ये पैनगंगेवरच्या चनाखा-कोराटा बंधाऱ्यासाठी महाराष्ट्र व तेलंगण यांनी मुंबईत सह्या केल्या, ती बातमी मी दोनदा वाचली. कोणत्या बाजूला कोणाचे पंचांग होते, हे वर्तमानपत्रात येत नाही.

दसऱ्याला अर्धे छप्पर चढले. दंडारीला मीही गेलो, आणि गुसाड्यांनी माझ्या डोक्यावर काठी टेकवून आशीर्वाद दिला. संक्रांतीला शेवटचा हिशेब झाला. त्यात मुनीमजींनी 412 रिकाम्या तागाच्या पोत्यांची किंमत माझ्या नावे कापली: सिमेंट मालकाचे, म्हणून पोतीही मालकाची. करारात पोत्यांचा उल्लेख नव्हता. मी दोन तास वाद घातला, तारखांचा विचार केला, गप्प बसून पाहिले, आणि हरलो. कारण ती पोती मी केव्हाच विकली होती, आणि ते मुनीमजींना ठाऊक होते.